शाळेतल्या रजा: शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक आहे. बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत मस्टर, रजा रजिस्टर आणि सेवापुस्तकं यांच्याइतकं दुसरं काहीच हाताळलेलं नाही. रोज मधल्या सुट्टीत कोणी ना कोणी टेबलाजवळ येतं आणि हळूच विचारतं, "भाऊसाहेब, माझी रजा किती शिल्लक आहे हो?" हळूच का विचारतात तेच मला कळत नाही, रजा मागणं म्हणजे काही चोरी नाही. तर तेच तेच प्रश्न एकदा नीट लिहून काढतोय. हे सगळं महाराष्ट्रातल्या खाजगी मान्यताप्राप्त शाळांबद्दल आहे, जिल्हा परिषदेचा उल्लेख येईल तिथे तसं सांगितलंय.

आम्हाला नेमके कोणते नियम लागू होतात?

खाजगी शाळेत असाल तर मूळ कायदा १९७७ चा, म्हणजे महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवेच्या शर्ती विनियमन अधिनियम, आणि त्याखालची १९८१ ची नियमावली. त्या नियमावलीतला नियम १६ रजेचा आहे, निदान तेवढा तरी प्रत्येकाने एकदा स्वतः वाचावा, फार मोठा नाही. सोबत महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम १९८१ हे पुस्तक ऑफिसात असायलाच हवं, कारण रजेचा हिशोब कसा मांडायचा, रजा मंजूर करणाऱ्याला काय करता येतं आणि काय नाही, हे त्यात जास्त खोलात दिलंय. मग वेळोवेळी निघालेले शासन निर्णय. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची यंत्रणा वेगळी, त्यांच्या मोठ्या रजांचे अर्ज पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातात, पण रजांचे प्रकार बरेचसे तेच.

रजा हा माझा हक्क आहे ना?

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो, दोन्ही बाजूंनी. रजा नियम स्पष्ट म्हणतात की रजा हक्क म्हणून मागता येत नाही, कामाच्या निकडीप्रमाणे ती नाकारता येते, पुढे ढकलता येते, दिलेली रद्दही करता येते. पण त्याच नियमात पुढची ओळ आहे आणि ती कोणी सांगत नाही, की तुम्ही मागितलेल्या आणि तुमच्या खात्यावर असलेल्या रजेचा प्रकार मंजूर करणाऱ्याला परस्पर बदलता येत नाही, तुम्ही लेखी विनंती केली तरच बदलता येतो. म्हणजे तुम्ही मेडिकल मागितली आणि खात्यावर शिल्लक आहे, तर "यांना बिनपगारी टाका" असं तोंडी सांगून चालत नाही. एक तर मंजूर करा नाहीतर कारण देऊन नाकारा.

सीएल वर्षाला किती?

शिक्षकांना वर्षाला १२. राज्य सरकारच्या ऑफिसमधल्या कर्मचाऱ्यांना ८ असतात, त्यामुळे घरातलं कोणी मंत्रालयात किंवा तहसीलला असेल तर त्यांच्या आकड्यावरून वाद घालू नका, दोन्ही बरोबर आहेत.

सीएल म्हणजे किरकोळ रजा, आणि खरं सांगायचं तर नियमांच्या भाषेत ती 'रजा'च नाही, सीएलवर असलेला माणूस कामावरच आहे असं धरतात. म्हणूनच पगारात काही फरक पडत नाही आणि सेवापुस्तकातल्या रजा खात्यातूनही ती वजा होत नाही, तिचा हिशोब फक्त सीएल रजिस्टरला. यातूनच बाकीचे नियम आपोआप निघतात. वर्ष संपलं की उरलेल्या सीएल गेल्या, पुढे नेता येत नाहीत. मेडिकलला किंवा अर्जित रजेला (सेवेतून साठत जाणारी पूर्ण पगारी रजा) सीएल जोडता येत नाही. अर्धा दिवस घेता येते. मध्ये रविवार किंवा सार्वजनिक सुट्टी आली तर ती सीएलमध्ये मोजत नाहीत, म्हणजे शनिवार आणि सोमवार सीएल टाकली तर दोनच जातात, तीन नाही. हा शनिवार-रविवारचा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो.

एक सुचवतो, बाराच्या बारा सीएल जानेवारीच्या आत संपवू नका. दोन-तीन तरी परीक्षेच्या काळासाठी ठेवा, कारण तेव्हाच नेमकं घरात कोणी आजारी पडतं आणि मग अर्ध्या दिवसासाठी सुद्धा मोठी रजा टाकावी लागते.

अर्जात कारण खरं खरं सांगावं लागतं का?

सीएलसाठी "घरगुती कामासाठी" किंवा "वैयक्तिक कामासाठी" एवढं पुरतं, आमच्याकडे तेच लिहितात. मुख्याध्यापकांना रजा द्यायची की नाही हे ठरवायचं असतं म्हणून ते तोंडी विचारू शकतात, पण आजार कोणता, घरात नक्की काय चाललंय, कोर्टात कशाची तारीख आहे हे अर्जावर लिहायलाच पाहिजे असं काही नाही. तो कागद चार जणांच्या हातून जातो. एका मॅडमनी अर्जात सगळं मोकळेपणाने लिहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्याचीच चर्चा, मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून असा अर्ज आला की मी तो पाकिटात घालूनच सरांच्या टेबलावर ठेवतो. मेडिकल असेल तर आजाराचं नाव डॉक्टरांच्या दाखल्यावर येतं, तुमच्या अर्जात "प्रकृती अस्वास्थ्यामुळे" पुरे.

सकाळी अचानक अडचण आली, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला तर चालतो का?

मेसेज जरूर टाका, शाळा भरायच्या आत टाका, म्हणजे तुमच्या तासांना कोणाला तरी बसवता येतं. पण मेसेज म्हणजे अर्ज नाही. परत आल्यावर पहिलं काम म्हणजे लेखी अर्ज देणं, त्याच तारखेचा उल्लेख करून, "दिनांक अमुक रोजी सकाळी इतक्या वाजता मोबाईलवर कळवलं होतं" असं लिहून. मस्टर महिन्याअखेरीला बंद होतो आणि त्यावरून पगारबिल शालार्थवर, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवर, जातं, तोपर्यंत ज्या रकान्यात ना सही ना रजेचा अर्ज, तो रकाना गैरहजर म्हणूनच धरावा लागतो. मला कोणाचा पगार कापायला आवडत नाही, पण मोकळ्या रकान्यासमोर मी काय लिहू?

आणि मेसेज ग्रुपवर नको, सरळ मुख्याध्यापकांना. ग्रुपवर टाकला की तो खाली जातो, आणि तिथे "काळजी घ्या" चे पंधरा मेसेज येतात पण रजेची नोंद कोणीच घेत नाही.

सगळे 'मेडिकल' म्हणतात ती नक्की कुठली रजा?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जरा सावकाश वाचा.

मेडिकल नावाचं वेगळं खातं नसतंच. तुमच्या खात्यावर जमा होते ती अर्धवेतनी रजा, दर पूर्ण वर्षाच्या सेवेला २० दिवस. हिशोबात १ जानेवारीला १० आणि १ जुलैला १० अशी जमा टाकतात. ती साठत जाते, वर्षाअखेर संपत नाही. आता ही रजा दोन प्रकारे वापरता येते. एक म्हणजे आहे तशीच, अर्ध्या पगारावर, तेव्हा खाजगी कारण सुद्धा चालतं. दुसरं म्हणजे डॉक्टरांच्या दाखल्यावर ती बदलून पूर्ण पगारी करून घ्यायची, हिलाच परिवर्तित रजा म्हणतात आणि हीच आपली 'मेडिकल'. पण पूर्ण पगाराच्या एका दिवसाला खात्यातून दोन दिवस जातात.

उदाहरण घ्या. दहा वर्षं सेवा झाली, काहीच वापरलं नाही, तर खात्यावर २०० दिवस. म्हणजे पूर्ण पगारी मेडिकल म्हणून १०० दिवसच. तुम्ही १८ दिवस मेडिकल घेतली तर ३६ वजा, शिल्लक १६४. आणि हे १८ दिवस मोजताना मधले रविवार, सणाच्या सुट्ट्या सगळे मोजले जातात, सीएलसारखं नाही. म्हणून दोन दिवसांच्या तापासाठी शुक्रवार ते सोमवार मेडिकल टाकली की चार दिवस, म्हणजे खात्यातून आठ गेले. सीएल शिल्लक असेल तर तीच टाका. तरुण शिक्षकांना मी हात जोडून सांगतो की ही रजा उधळू नका, चाळिशीनंतर, घरात म्हातारी माणसं असताना, ऑपरेशन निघालं की हीच रजा उभी राहते. मी अशी माणसं पाहिलीत ज्यांना गरजेच्या वेळी खात्यावर अकरा दिवस उरले होते.

दाखला कोणाचा चालतो, फिटनेस लागतोच का?

नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीचा दाखला चालतो, नोंदणी क्रमांक आणि तारीख हवी. शंका आली किंवा रजा फार लांबली तर मंजूर करणाऱ्याला जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासणी करून घ्या असं सांगता येतं. तसं सांगितलं तर तो अपमान समजू नका, नियमातच आहे.

आणि हो, फिटनेस लागतोच. मेडिकलवरून परत येताना कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचा दाखला दिल्याशिवाय रुजू करून घेता येत नाही. इथे तारखांची गडबड फार होते. आमच्या शाळेतल्या एका सरांची गोष्ट सांगतो. रजा सोमवार १० तारखेपासून, डॉक्टरांचा पहिला दाखला ११ तारखेचा, त्यात विश्रांती ११ ते २५. फिटनेसवर तारीख २७, आणि सर रुजू झाले २६ ला. तीन कागद समोर ठेवले तर १० तारीख कशातच बसत नाही, आणि २६ ला ते फिट नसतानाच वर्गावर उभे होते असं कागद म्हणतो. माणूस खरंच आजारी होता, मी स्वतः दवाखान्यात भेटून आलो होतो, तरी ते प्रकरण ऑफिसातून तीनदा परत आलं. शेवटी डॉक्टरांकडून दुरुस्त दाखले आणले तेव्हा मिटलं, चार महिने गेले त्यात. म्हणून दवाखान्यातून निघायच्या आधी तिथेच उभं राहून तारखा वाचा. रजा सुरू झाली तो दिवस, विश्रांती संपली तो दिवस, फिटनेसचा दिवस, रुजू व्हायचा दिवस, या चारात एकही दिवस अधांतरी राहता कामा नये.

सीएल संपल्यात आणि कारण आजाराचं नाही, मग?

अर्धवेतनी रजा खाजगी कारणासाठी घेता येते, त्या दिवसांचा पगार अर्धा. शिपाईमामा, लिपिक अशा ज्यांना उन्हाळी-दिवाळीची दीर्घ सुट्टी नसते त्यांनी अर्जित रजा टाकावी. यातलं काहीच शिल्लक नसेल तर असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी.

खोटा मेडिकल दाखला आणणं हा रस्ता बरेच जण सुचवतात. करू नका. लग्नाचे फोटो कोणीतरी टाकतंच आणि मग रजेचा विषय राहत नाही, तो शिस्तीचा होतो.

शिक्षकांना अर्जित रजा मिळत नाही हे खरं का?

लिपिक, शिपाई अशा दीर्घ सुट्टी नसलेल्या कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५, साठवण्याची मर्यादा ३०० दिवस. निवृत्तीच्या वेळी जी रजा रोखीत मिळते ती याच शिल्लक रजेची.

शिक्षकांना उन्हाळी आणि दिवाळीची सुट्टी असते म्हणून त्यांना तशी भरघोस अर्जित रजा नाही. मात्र सुट्टीत तुम्हाला कामाला थांबवलं असेल, सुट्टी उपभोगता आली नसेल, तर त्या प्रमाणात अर्जित रजा जमा होऊ शकते. त्यासाठी लेखी आदेश लागतो. "मे महिन्यात जरा येत जा सर, प्रवेशाचं काम आहे" असं तोंडी सांगितलेल्यावर काहीच जमा होत नाही, आणि शिक्षक बिचारे वर्षानुवर्षं तसेच येत राहतात. सुट्टी लागायच्या आधी मुख्याध्यापकांकडून आदेश मागा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं काम, आणि त्या दिवसांच्या सह्या मस्टरवर करा. मग ती जमा सेवापुस्तकात पडली का ते जूनमध्ये येऊन बघा, मी दाखवतो, कोणताही लिपिक दाखवेल.

सुट्ट्या तर भरपूर असतात, मग वेगळी रजा कशाला, असं लोक म्हणतात

माध्यमिक शाळांना वर्षात रविवार सोडून सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ च्या वर जाता येत नाही आणि कामाचे दिवस किमान २३० भरावे लागतात. शिक्षण हक्क कायद्यातही पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस असं किमान बंधन आहे. मुलाला ताप नोव्हेंबरच्या मंगळवारी येतो, मे महिन्यात येत नाही. इतर ऑफिसातला माणूस आपल्या सोयीने आठवडा काढू शकतो, शिक्षकाला सुट्टी कधी हे आधीच छापलेलं असतं. म्हणून मला तरी हा प्रश्नच अन्यायाचा वाटतो.

सुट्टीला लागून रजा घेतली तर अख्खी सुट्टी रजेत जाते का?

सीएल दीर्घ सुट्टीला जोडता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. बाकी रजांबाबत, सुट्टी लागण्याच्या शेवटच्या दिवशी आणि शाळा उघडण्याच्या पहिल्या दिवशी हजर असणं याला आमच्याकडे फार जपतात, आणि दोन्ही दिवशी गैरहजर असलं की ऑडिटला आणि वेतन पथकाला (शाळांची पगारबिलं तपासणारं ऑफिस) उत्तरं देत बसावं लागतं. तिकिटं काढायच्या आधी विचारा, नंतर नाही. जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी रेल्वे चुकली म्हणून फोन येतात, आणि मग एका दिवसाचा घोळ अख्ख्या सुट्टीच्या पस्तीस दिवसांवर जायची भीती.

प्रसूती रजा किती, आणि मध्ये उन्हाळी सुट्टी आली तर पुढे वाढते का?

१८० दिवस, पूर्ण पगारी, आणि रजा खात्यातून वजा होत नाही. रजेच्या वेळी हयात मुलं दोनपेक्षा कमी असायला हवीत. हे १८० दिवस कॅलेंडरचे आहेत, मध्ये रविवार, दिवाळी, उन्हाळी काहीही आलं तरी त्यातच मोजलं जातं, वाढवून मिळत नाही. त्याला जोडून दुसरी देय रजा घेता येते, अर्ज मात्र वेगळा करा आणि आधीची रजा संपण्यापूर्वी करा, शेवटच्या दिवशी नको.

गर्भपात झाला तरी रजा आहे, वैद्यकीय दाखल्यावर साधारण दीड महिन्यापर्यंत, आणि ही गोष्ट कित्येक मॅडमना माहीतच नसते. त्या चार सीएल टाकून पाचव्या दिवशी वर्गात येऊन उभ्या राहतात. मुख्याध्यापकांनी किंवा एखाद्या ज्येष्ठ बाईंनी त्यांना स्वतःहून सांगायला हवं, अशा वेळी कोणी टेबलावर येऊन विचारणार नाही.

प्रसूती रजेच्या काळात वर्गाचं काय ही जबाबदारी शाळेची आहे. "तुमच्या जागी कोणी आणा मग जा" असं कोणालाही म्हणता येत नाही.

बालसंगोपन रजा आपल्याला लागू आहे का?

हो. २०१८ च्या शासन निर्णयाने ती आली आणि अनुदानित शाळांनाही लागू आहे. संपूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, पहिल्या दोन मुलांसाठी, आणि एका वर्षात दोन महिन्यांपेक्षा जास्त नाही. पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर पुरुष कर्मचाऱ्यालाही मिळते, हे मुद्दाम लिहितोय कारण आमच्या इथल्या एका शिपाईमामांना ते दोन वर्षं कोणीच सांगितलं नव्हतं. ते मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवून घंटा द्यायला वेळेवर यायचे. एका शिक्षिकेची फाईल शोधताना तो शासन निर्णय माझ्याच हाताखाली आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि ती चूक माझीही होती.

ही रजा आधी मंजूर करून घ्यावी लागते. दहावीच्या मुलाच्या अभ्यासासाठी फेब्रुवारीत मागतात, आणि नेमकं तेव्हाच शाळेची स्वतःची दहावी असते, म्हणून अर्ज दिवाळीच्या सुमारासच देऊन ठेवा म्हणजे नाही म्हणायला कारण उरत नाही.

घरात कोणी गेलं तर वेगळी रजा आहे का?

या रजा नियमांत तशी वेगळी रजा नाही. असायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. दहावं-तेरावं होईपर्यंत माणूस घराबाहेर पडू शकत नाही आणि मनानेही पडलेला नसतो, आणि सीएल शिल्लक असतात चार. तेव्हा पहिले चार दिवस सीएल आणि पुढे अर्धवेतनी असं जोडता येत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासूनच अर्धवेतनी रजा टाकावी, आणि ज्यांना अर्जित आहे त्यांनी अर्जित. अर्ज लगेच नाही दिला तरी कोणी सहकाऱ्याने तारीख कळवली तरी पुरतं, अर्ज आल्यावर घेतो. हे काम स्टाफने आपणहून करावं, त्या माणसाला त्या दिवसांत रजेचा विचार करायला लावू नये.

निवडणूक ड्युटी, जनगणना, यात रजा जाते का?

नाही, ते कर्तव्यच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ मध्ये शिक्षकांना द्यायची अशैक्षणिक कामं मोजकी दिलीत, दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. आदेशाची प्रत आणि कार्यमुक्तीचं पत्र ऑफिसला द्या म्हणजे मस्टरवर ड्युटी लागते. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, रात्रभर पेट्या जमा करून आल्यावर, शाळेत यायचं की नाही याचा आदेश बहुतेक वेळा जिल्हाधिकारी कार्यालयाकडून निघतो, तो बघा. ड्युटीतून सूट हवी असेल, आजारपण असेल, तर अर्ज निवडणूक शाखेकडे करायचा, मुख्याध्यापकांच्या हातात ते नसतं, त्यांच्यावर रागावू नका.

संघटनेच्या अधिवेशनाला विशेष किरकोळ रजा मिळते, पण दर वेळी शासनाचं पत्र निघतं तेव्हाच आणि त्यात लिहिलेल्या दिवसांपुरतीच. हजेरीचं प्रमाणपत्र आणायला विसरू नका.

अर्जच घेत नाहीत, किंवा घेतात आणि महिनाभर काही सांगत नाहीत, काय करायचं?

अर्ज दोन प्रतीत करा. एक ऑफिसला द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. लिपिकाला आवक नोंदवायला सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि त्याने नाही म्हणू नये. तरी घेत नसतील तर नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवा, ती पोच पुरावा म्हणून धरली जाते. किरकोळ रजा मुख्याध्यापक देतात, मोठ्या रजा संस्थेकडून मंजूर होतात, मुख्याध्यापकांची स्वतःची रजा संस्थेकडे. तिथे अडलं की शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार, सोबत त्या पोचपावतीची झेरॉक्स. शाळा न्यायाधिकरणाचं नाव लोक लगेच घेतात, पण ते नोकरीतून काढणं, पदावनती अशा गोष्टींसाठी आहे, तिथे ३० दिवसांच्या आत अपील करायचं असतं. रजा नाकारली एवढ्यावर तिथे जाता येत नाही. मात्र गैरहजर दाखवून कोणाला काढूनच टाकलं तर तो दरवाजा आहे, आणि तेव्हा हीच पोचपावती उपयोगी पडते.

मंजुरी न येता निघून जाऊ नका. आजारपण सोडून दुसऱ्या कारणाला अर्ज देऊन ठेवला म्हणजे रजा मिळाली असं होत नाही.

आम्ही विनाअनुदानितवर आहोत, आम्हाला रजाच नाही असं सांगतात

चुकीचं सांगतात. १९७७ चा कायदा अनुदान मिळणाऱ्या शाळांपुरता नाही, मान्यताप्राप्त खाजगी विनाअनुदानित शाळांनाही आहे. अडचण अशी की तिथे पगार संस्था देते, आणि नियुक्तीचा कागद सुद्धा कित्येकांच्या हातात नसतो, म्हणून माणूस बोलायला घाबरतो. ती भीती मला समजते. निदान नियुक्ती आदेशाची प्रत मिळवा, मस्टरचे फोटो नाही तर स्वतःच्या डायरीत हजेरी लिहा, आणि रजेचा प्रत्येक अर्ज लेखीच द्या. शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेले शिक्षक, असाल तर नियुक्ती आदेशातल्या अटी आधी वाचा, रजेबद्दल त्यात जे लिहिलंय तेच पहिल्यांदा बघितलं जातं.

बिनपगारी रजेने पगाराशिवाय अजून काय जातं?

वैद्यकीय दाखल्याशिवाय घेतलेली असाधारण रजा वार्षिक वेतनवाढीसाठी धरत नाहीत, तेवढी वेतनवाढ पुढे जाते. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर लागलेल्यांची पेन्शनची कपात पगारातून होते, पगार नाही तर त्या महिन्याचा हप्ताही नाही. सोसायटीचा, विम्याचा हप्ता मात्र थांबत नाही, तो भरायची सोय आधी करून जा.

आणि बिनपगारी रजा मंजूर झालेली असणं आणि न सांगता गैरहजर राहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात सेवा सलग राहते. दुसऱ्यात सेवेत खंड पडू शकतो, आणि तो खंड निवृत्तीच्या वेळी वर येतो.

माझं रजा खातं बरोबर आहे हे कसं कळणार?

वर्षातून एकदा सेवापुस्तक उघडून बघा, दुसरा कुठला उपाय नाही. मागच्या पानांवर रजा खातं असतं, उभे रकाने, जमा, घेतलेली, शिल्लक. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच वर्षी एका बाईंचं पेन्शन प्रकरण हातात आलं. निळ्या शाईचं जुनं पुस्तक, कडा कुरतडलेल्या, आणि १९९० च्या दशकातल्या एका पानावर ४७ दिवसांसमोर नुसतं पेन्सिलीत "मेडिकल?" लिहिलेलं. मंजुरीचा आदेश नाही, सही नाही. बाईंना रजा घेतल्याचं आठवत होतं, डॉक्टरांचं नावही आठवत होतं, पण ते डॉक्टर वारले होते आणि तेव्हाचे मुख्याध्यापकही. ते ४७ दिवस मिटवायला अकरा महिने लागले आणि तेवढे दिवस त्या बाई तात्पुरत्या पेन्शनवर राहिल्या. त्या प्रश्नचिन्हाची मला अजून आठवण येते.

तर रजा मंजुरीचा आदेश निघाला की एक प्रत स्वतःकडे ठेवा, नोंद झाली की समोर सही बघा, आणि सेवापुस्तकाची झेरॉक्स घरी असू द्या.

अर्जाचा नमुना द्या ना

फार काही नाही. प्रति, मुख्याध्यापक. विषयात रजेचा प्रकार नावानिशी लिहा, नुसतं "रजा मिळणेबाबत" नको. मग मजकूर असा, "मला वैयक्तिक कामासाठी दिनांक __ ते दिनांक __ असे एकूण __ दिवस किरकोळ रजा मिळावी. रजेच्या काळात माझे तास सोबतच्या तक्त्याप्रमाणे घेण्यात येतील. रजेच्या काळातील पत्ता व मोबाईल क्रमांक सोबत दिला आहे." खाली तारीख आणि सही. अर्ध्या फाडलेल्या पानावर तारखेशिवाय देऊ नका, तसे माझ्या फायलीत आत्ताही दोन पडलेत आणि ते कोणत्या महिन्याचे ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाहीये.

रजेवर जाताना वर्गाचं काय?

पाठाचं टाचण पूर्ण करून ठेवा, कोणत्या वर्गाला कुठपर्यंत शिकवलंय ते एका ओळीत लिहून ठेवा, कपाटाची किल्ली कोणाकडे तरी द्या. ऑफ तास घेणाऱ्याला नुसतं "मुलांना शांत बसवा" सांगितलं तर तो तास वायाच जातो, एक स्वाध्याय देऊन गेलात तर मुलांचा तास वाचतो.

हजर होतो पण मस्टरवर सही राहिली, आता?

त्याच दिवशी लक्षात आलं तर लगेच येऊन करा. दुसऱ्या दिवशी आलं तर आपणहून मागची सही ठोकू नका, मुख्याध्यापकांना लेखी कळवा की अमुक तारखेला हजर होतो, अमुक तास घेतले, सही राहिली. ते शेरा मारतील, मग मी नोंद करतो. वर्गाच्या हजेरीपटावर तुमची त्या दिवसाची सही असतेच, तो पट सोबत घेऊन या, काम दोन मिनिटांत होतं.